मामाच्या गॅरेजची माती आणि जिवाणूंची गाबोळी

मामाचं गॅरेज फोंडा तालुक्यात, जुवारीच्या अंगाला, चढावर आहे. प्रायव्हेट बसगाड्या, ट्रक, मध्येच कोणाची तरी जीप. वीसेक वर्षं झाली, आणि या वीस वर्षांत ऑइल चेंज केल्यावर जे काळं तेल निघतं त्यातलं अर्धं पिंपात जायचं नि अर्धं मागच्या खड्ड्यात, शिवाय डिझेलनं पार्ट धुवायचे आणि ते डिझेल उतारावर ओतून द्यायचं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नाही. लहानपणी सुट्टीत गेलो की त्या खड्ड्याकडे जाऊ नको एवढंच आजी सांगायची, आणि तेही पडशील म्हणून.

गॅरेजच्या खाली उतार, उतारावर दहा-बारा माड, आणि त्याखाली खाजन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, खाजन म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली सखल शेतं. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारं, भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात तिथं कोरगुट भात, कारण ते खारं सहन करतं, आणि भात निघाल्यावर कोळंबी, मासे. तर दोन वर्षांपूर्वी मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि खालच्या शेतातली काकी वर येऊन मामाला म्हणाली, "तुमचें तेल आमच्या शेतांत देंवता." मामा आधी हसला. मग दोघं खाली जाऊन आले. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता, मानशीपर्यंत. पंचायतीत अर्ज गेला नाही तो काकीच्या चांगुलपणामुळे, पण पुढच्या पावसाआधी काहीतरी करा असं तिनं स्पष्ट सांगितलं.

मामाचा उपाय तयार होता. फोनवर कोणीतरी 'तेल खाणारे जिवाणू' बाटलीत विकत होतं, १ लिटर पाण्यात मिसळा आणि शिंपडा, ३० दिवसांत माती स्वच्छ. वर मामाला कोणीतरी मेसेज पाठवलेला की हा शोध भारतीय शास्त्रज्ञाचा आहे. तेवढं खरंय, आनंदमोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना तेलाचे वेगवेगळे घटक खाणारा एक स्युडोमोनास जिवाणू तयार केला आणि त्याचं पेटंट १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी टिकलं. पण तो जिवाणू कधी समुद्रात सोडला गेला नाही हे त्या मेसेजमध्ये नसतं. आणि बाटलीत नक्की कोणता जिवाणू आहे, जिवंत किती आहेत, हे विचारल्यावर विकणाऱ्यानं फोन ठेवला.

मी केमिस्ट्री शिकवतो, मायक्रोबायोलॉजी माझा विषय नाही, पण एक मैत्रीण कॉलेजच्या मायक्रोच्या लॅबमध्ये आहे, तिला म्हटलं बघू तरी. तिचा पहिला प्रश्न जिवाणूंचा नव्हताच, "खणून पाहिलंत का" असा होता.

पिकास घेऊन पाच ठिकाणी खणलं. खड्ड्याच्या भोवती डांबरासारखा काळा थर, हाताला चिकटणारा. उतारावर साधारण दीड फुटापर्यंत डिझेलचा वास, त्याखाली चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो, पण चिरा म्हणजे सलग दगड नव्हे, त्याला भोकं आणि भेगा असतात आणि तेल त्या भेगांतून खाली सरकलेलं दिसत होतं. आणि अगदी खाली, बांधाला लागून, एक ओलसर पट्टा, तिथं वास कमी पण पाय रुतला की तवंग. म्हणजे एकाच मामाच्या एकाच तेलाचे तीन वेगळे प्रॉब्लेम, आणि बाटलीवाला तिन्हीला एकच औषध देत होता.

वरच्या काळ्या थराला जिवाणू लावायचेच नाहीत हे पहिल्या दिवशी ठरलं. तेल इतकं दाट असलं की त्यात हवा जात नाही, पाणी जात नाही, जिवाणू काय करणार. शिवाय वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जस्त असतं, इंजिनाच्या झिजेतले इतर धातू असतात, आणि धातू कुठलाही जिवाणू 'खात' नाही. फार तर त्याचं रूप बदलतो, एका जागी धरून ठेवतो, पण अणू तिथंच राहतो. (डिचोली-सत्तरीकडचे लोक मला विचारतात की खाणीच्या गाळानं भरलेल्या शेतात हे चालेल का, त्यांनाही हेच उत्तर. लोह-मँगनीजचा गाळ हा जिवाणूंचा नाश्ता नव्हे.) २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरतात, ते अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं, आणि तेलात भिजलेली माती म्हणजे काही कुठंही नेऊन टाकायची वस्तू नाही. तो थर हातानं काढून पिंपांत भरून घातक कचऱ्याच्या रस्त्यानं पाठवला. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग भाग हाच, आणि मामानं तेव्हा तोंड असं केलं होतं की विचारू नका.

राहिला उतार. लॅबचा रिपोर्ट आला, मातीच्या वजनाच्या साधारण दीड टक्का तेल. म्हणजे टनभर मातीत १५ किलो. आता इथं थोडा हिशोब करतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन, जिवाणू ते ऑक्सिजन वापरून जाळतात, आणि १ किलो तेल पूर्ण जाळायला जवळजवळ साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे १२-१३ घनमीटर हवा. १५ किलोला जवळजवळ १९० घनमीटर. पायानं चोपलेल्या गॅरेजच्या मातीत एवढी हवा शिरणार कुठून? म्हणजे माती उकरून उलटीपालटी करणं हेच अर्धं औषध. दुसरं खत. जिवाणूंनाही शरीर बांधायला नायट्रोजन-फॉस्फरस लागतो, ढोबळ नियम कार्बन १००, नायट्रोजन १०, फॉस्फरस १ असा. १ किलो तेलात ८५० ग्रॅम कार्बन धरला तर ८५ ग्रॅम नायट्रोजन आणि साडेआठ ग्रॅम फॉस्फरस. टनाला साधारण अडीच किलो युरिया आणि ६००-६५० ग्रॅम डीएपी, म्हणजे फॉस्फेटचं खत. एकदम घालायचं नाही, क्षार वाढून जिवाणूच मरतात, म्हणून चार हप्ते.

आणि आपली जांभ्याची माती आंबट. जिवाणूंना ६ ते ८ पीएच आवडतो, आमची साडेपाचच्या खाली होती. मामा म्हणाला चुनो मारू. भाजलेला चुना जहाल, पीएच एकदम वर जातो, म्हणून त्याऐवजी तिसऱ्यांच्या शिंपल्यांची भुकटी घातली, ती सावकाश काम करते आणि कॅल्शियम देत राहते. या कॅल्शियमचा पुढे संबंध आहे.

मग जिवाणू जेलच्या गोळ्यांत कोंडून का टाकायचे? कारण पाऊस. गोव्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि उतारावर बाहेरचे सुटे जिवाणू शिंपडले तर पहिल्या दोन सरींत ते मानशीपाशी पोचणार. शिवाय मातीत प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय जीव, असतात, ते नव्या जिवाणूंना शेवचिवड्यासारखे खातात. जिवाणू जेलच्या मण्यात कोंडले तर खाणारा आत येत नाही, ऊन एकदम लागत नाही, आणि मणी जिथं टाकला तिथं राहतो. पाणी, हवा, विरघळलेलं खाद्य जेलमधून आतबाहेर होतं, आत वाढलेले जिवाणू हळूहळू पृष्ठभागावरून मातीत सुटतात. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेनं बनवलेलं ऑइलझॅपर म्हणून तेल खाणाऱ्या जिवाणूंचं जे मिश्रण भारतात वापरतात त्यातही जिवाणू नुसते नसतात, मक्याच्या कणसाच्या भुग्यावर बसवलेले असतात. बसायला जागा हवी ही कल्पना तीच.

जिवाणू कुठून आणायचे याला मैत्रिणीचं उत्तर, तुझ्या मामाच्या मातीतूनच. वीस वर्षं तेल पिऊन जे जगलेत त्यांच्यापेक्षा अनुभवी कोण मिळणार. दोनापावलच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, आपल्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये येणाऱ्या डांबरगोळ्यांवरच्या जिवाणूंवर काम झालंय, तिथंही तत्त्व हेच की जिथं तेल तिथं तेलाचे गिऱ्हाईक आधीच हजर असतात. तिनं चिमूटभर माती बुशनेल-हास नावाच्या पाण्यासारख्या माध्यमात टाकली, ज्यात सगळे क्षार असतात पण कार्बन अजिबात नसतो, आणि वर थोडं डिझेल. जो डिझेल खाईल तोच वाढेल. आठवड्याभरात पाणी गढूळ, डिझेलचा थर फुटून बारीक थेंब. तीन-चार वेळा हे पुढच्या फ्लास्कमध्ये नेलं आणि प्लेटवर वेगवेगळ्या वसाहती मिळाल्या.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण घरी प्रयोग करणारे बरेच असतात. सगळ्यात जोरात वाढलेली वसाहत हिरवट रंग सोडणारी होती. मी खूश, ती नाही. तिनं सेट्रिमाइड अगारवर, म्हणजे असा प्रकार निवडून वाढवणाऱ्या माध्यमावर, लावून पाहिलं आणि म्हणाली हा बहुतेक स्युडोमोनास एरुजिनोसा, तेल झकास खातो, साबणासारखं द्रव्यही सोडतो, पण जखमेत शिरला, अशक्त माणसाच्या फुप्फुसात गेला तर आजार करतो. गॅरेजमध्ये पोरांच्या हातापायाला रोज खरचटलेलं असतं. तो अख्खा फ्लास्क १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह होऊन, म्हणजे दाबाच्या वाफेत जिवाणू मारून, सिंकमध्ये गेला. बाटलीवाल्याच्या बाटलीत कोणता होता देव जाणे. आम्ही दुसरे दोन ठेवले, हळू वाढणारे, पण कॉलेजच्या लॅबनं ओळख पटवून दिलेले.

बीड्स, म्हणजे हे जेलचे मणी, बनवणं तसं सोपं. सोडियम अल्जिनेट ही तपकिरी समुद्री शेवाळातून निघणारी पावडर, आइस्क्रीममध्येही असते. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम. लगेच विरघळत नाही, गुठळ्या होतात, रात्रभर ढवळत ठेवावं लागतं. त्यात जिवाणू मिसळायचे आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. थेंब पाण्यात पडला की कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींत अडकवतं आणि थेंबाचा मणी होतो, अर्ध्या तासात घट्ट. पहिल्या दिवशी सिरिंजनं केलं, अंगठा दुखून आला आणि वाटीभरच झाले. मग मेडिकलमधून सलाइनचे सहा सेट आणले, खिळ्याला बाटल्या टांगल्या, खाली बादल्या, दोन रविवारांत पाचेक किलो. मामीनं बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली ही कसली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. तेच नाव पडलं. आमची गाबोळी जरा मोठी होती, ३-४ मिलिमीटर, आणि हे चुकलंच, कारण ऑक्सिजन जेलमध्ये वरच्या अगदी पातळ थरापर्यंतच पुरतो, मिलिमीटरच्या भागात मोजण्याइतका, आतले जिवाणू अर्धपोटी झोपून राहतात. बारीक मणी हवे होते, पण सलाइनच्या सेटनं त्याहून बारीक थेंब पडेना.

फेब्रुवारीत उतारावरची माती काढून ताडपत्रीवर चार वाफे केले, प्रत्येकी टनभर, कडेनं बांध. पहिला नुसता झाकून ठेवला. दुसऱ्यात शिंपल्याची भुकटी, खत, थोडं शेणखत, आठवड्याला उलटणं. तिसऱ्यात हेच सगळं अधिक सुटे जिवाणू, चौथ्यात हेच सगळं अधिक गाबोळी. मामाला पहिला वाफा म्हणजे जागेची नासाडी वाटत होती आणि दुसऱ्याबद्दल तर त्याचं म्हणणं, जिवाणू न घालता माती कशी साफ होईल. नेमकं तेच पाहायचं होतं.

पहिली फजिती दुसऱ्याच आठवड्यात. चौथा वाफा उलटताना गाबोळी दिसेचना, जिथं डीएपी पडला होता तिथं नुसता बुळबुळीत चिखल. कारण मी केमिस्ट्री शिकवतो तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं, फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं. मण्याला धरून ठेवणारा कॅल्शियमच गेला की मणी विरघळला. जांभ्याच्या मातीत लोह-अॅल्युमिनियम फॉस्फेटला धरून ठेवतं म्हणून फॉस्फेट बाहेरून द्यावंच लागतं, आणि दिलं की गाबोळी मरते. मग युरिया तसाच ठेवला, डीएपी बंद करून त्याऐवजी हाडांचं खत, जे सावकाश सुटतं, आणि तेही गाबोळी टाकायच्या आठवडाभर आधी मातीत मिसळून. उरलेली गाबोळी फ्रिजमध्ये होती, त्यातली काही घातली. दोन रविवारांतली निम्मी मेहनत चिखलात गेली ती गेली.

मोजायचं कशानं हा प्रश्न होता, लॅबला प्रत्येक सॅम्पलचे पैसे. पहिल्यांदा उपड्या बादलीखाली चुन्याची निवळी ठेवून पाहिली, कार्बन डायऑक्साइडनं ती दुधाळ होते, जास्त दुधाळ म्हणजे जिवाणू जास्त श्वास घेतायत. दुसरा, तिसरा, चौथा तिन्ही दुधाळ, मामा खूश. मग लक्षात आलं की शेणखतही श्वास घेतं. तो टेस्ट बाद. त्यापेक्षा मूग बरे, प्रत्येक वाफ्यातल्या मातीत २०-२० मूग पेरायचे आणि किती उगवले ते मोजायचे, डिझेलच्या मातीत मूग रुजत नाहीत किंवा मुळं आखूड राहतात.

मे महिन्याच्या शेवटी काय दिसलं ते सांगतो, अगदी जसंच्या तसं. झाकलेल्या वाफ्याला डिझेलचा वास तसाच, मूग दोन-तीन. दुसऱ्या वाफ्याचा, म्हणजे ज्यात बाहेरचा एकही जिवाणू घातला नव्हता, वास जवळजवळ गेलेला आणि मूग निम्म्याहून जास्त. तिसरा हुबेहूब दुसऱ्यासारखा. चौथा, आमची लाडकी गाबोळी, पहिले तीन-चार आठवडे उलट मागेच होता, नंतर दुसऱ्याच्या जरा पुढे गेला, पण जरा म्हणजे दोन-तीन मूग, आणि २० मुगांत दोन-तीनचा फरक हा फरक म्हणायचा की नाही हे कोणताही स्टॅटिस्टिक्सवाला सांगेल. दोन रविवार, सलाइनचे सेट, अल्जिनेटचे पैसे, आणि मुख्य काम केलं फावड्यानं, युरियानं आणि मातीतल्या मूळच्या जिवाणूंनी. मैत्रिणीला आश्चर्य वाटलं नाही. मला जरा वाईट वाटलं.

खालच्या पट्ट्यात तर साफ आपटलो. बांधाला लागून गाबोळी पुरली होती, चार दिवसांनी खणली तर काहीच नाही. उन्हाळ्यात खाजनाची माती सगळ्यात खारी असते, आणि खाऱ्या पाण्यातला सोडियम मण्यातल्या कॅल्शियमला हाकलून स्वतः बसतो, मणी फुगतो, मऊ होतो, संपतो. हे मी घरी दोन ग्लासांत, एकात विहिरीचं पाणी आणि एकात मानशीचं, एका रात्रीत पाहू शकलो असतो. नंतर पाहिलं. कायटोसान, जे कोळंबीच्या सालांपासून करतात, त्याचा व्हिनेगरमध्ये विरघळवून थर दिला तर मणी मानशीच्या पाण्यात आठवडाभर टिकले, मग तेही लिबलिबीत. आणि पावसाळ्यात मीठ धुतलं जातं तेव्हा शेतात पाणी भरलेलं असतं, हवा नाही. उन्हाळ्यात मीठ, पावसाळ्यात गुदमर. त्या पट्ट्यात काहीही घालायचं नाही, वरून येणारं तेल बंद करायचं आणि त्याला त्याच्या गतीनं निवळू द्यायचं, असं ठरवलं. काकीला हे सांगायला मामा गेला नाही, मला पाठवलं.

गाबोळी कामाला आली ती भलत्याच जागी. चिऱ्याच्या भेगांतून जे तेल अजून झिरपत होतं ते पावसात गॅरेजच्या मागच्या गटारातून खाली जायचं. तिथं माती नाही, उलटायला काही नाही, वाहतं पाणी, सुटे जिवाणू टिकणंच शक्य नाही. त्या गटारात आडवी जाळीची पोती लावली, आत काथ्या, नारळाच्या सोडणांचे तुकडे, थोडा कोळसा, शिंपल्यांचा चुरा आणि त्यात उरलेली गाबोळी. काथ्या-कोळसा तेल धरतो, शिंपल्यातून कॅल्शियम मिळत राहतो, पाणी गोडं, फॉस्फेट नाही, मणी टिकतात आणि धरलेलं तेल सावकाश खातात. बाजूच्या फाट्यात नुसत्या काथ्याचं पोतं लावलं होतं तुलनेला. चवथीच्या सुमारास दोन्ही उघडली तर नुसत्या काथ्याचं तेलकट काळं, पिळलं तर तवंग, आणि गाबोळीच्या पोत्यातला काथ्या तपकिरी, मणी आकसलेले पण बरेचसे शाबूत, बोटात धरून दाबता येतील असे. हाही काही पेपर छापण्याइतका पुरावा नाही, एक पोतं विरुद्ध एक पोतं. पण मातीत जे दिसलं नव्हतं ते इथं डोळ्यांना दिसत होतं.

गटाराच्या खालच्या तोंडाला, म्हणजे काकीच्या शेताच्या वर, त्या पावसात तवंग दोनदाच दिसला, दोन्ही वेळा पोतं उचलून पाणी बाजूनं गेलं होतं. गॅरेजमध्ये आता सिमेंटची फरशी आहे, ऑइल चेंज तिच्यावरच, पिंप भरलं की रिसायकलरची गाडी येते. साफ झालेली वाफ्यांतली माती माडांच्या बुंध्यात घालायला मामा निघाला होता, तिला अडवलंय, मूग उगवले म्हणजे तेलातले जड घटक गेले असं नाही, ते मुगाला दिसत नाहीत, अजून एक उन्हाळा तिला ताडपत्रीवर काढायचाय. पोती मिरगाच्या आधी बदलायची आहेत. काथ्या आणून ठेवलाय, सलाइनचे सेट धुऊन ठेवलेत, या वेळी थेंब बारीक पडावेत म्हणून मैत्रिणीनं खालून हवेचा झोत द्यायची काहीतरी खटपट सुचवलीय, माशांच्या टाकीचा पंप वापरून. पंप मामीच्या फिशटँकचा आहे, तिला अजून विचारलेलं नाही.